जेवढं सारलं, तेवढं उचललं

लेकरांनो, हिवाळ्यात तुरीच्या शेंगा वाळायला लागल्या, की एक गोष्ट ध्यानात ठेवायची. सकाळी रानात गेलात आणि धुऱ्याजवळ मोठं रंगीत पॅराशूट पसरलेलं दिसलं, त्याला लांब दोर आणि दोराच्या टोकाला पेटी असली, तर पेटीला हात लावायचा नाही. पेटीवर पत्ता असतो, फोन नंबर असतो. जवळच्या पोलीस ठाण्यात नाहीतर पोस्टात जाऊन सांगायचं. सांगणाऱ्याला बक्षीस मिळतं. पेटी उघडून पाहिली तर बक्षीस नाही. आणि बक्षिसाचं सोडा, आतल्या काही यंत्रांत विजेचा दाब इतका असतो, की जिवावर बेतेल.

ही पेटी हैदराबादहून येते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं राष्ट्रीय बलून केंद्र तिथं आहे. अर्ध्या शतकाहून जास्त काळ तिथले शास्त्रज्ञ पातळ प्लास्टिकचे प्रचंड फुगे आभाळात सोडत आले आहेत. फुगे सुटतात रात्री नाहीतर पहाटे, वर जातात, वाऱ्याबरोबर वाहतात, आणि काम झालं की यंत्रं पॅराशूटला लटकून खाली येतात, कधीकधी हैदराबादपासून दोनशे-तीनशे किलोमीटरवर. म्हणून संस्था लोकांसाठी जी सूचना काढते, तिच्यातल्या जिल्ह्यांच्या यादीत आपलं लातूर असतं, नांदेड असतं, धाराशिव आणि सोलापूरही असतं.

त्या पेटीला इंजिन नाही, पंख नाहीत, रॉकेट नाही. तरी ती तीस-चाळीस किलोमीटर उंच जाऊन आलेली असते. विमानं दहा-अकरा किलोमीटरवरून जातात, म्हणजे विमानाच्याही तिप्पट-चौपट वर. तिला तिथवर नेलं कुणी? हवेनं. हवेनं ते कसं केलं, हे कळायला मात्र आधी आडावर जावं लागेल.

आडातून पोहऱ्यानं पाणी शेंदलंय का तुम्ही? नसेल तर आजीला विचारा. पोहरा बुडतो, भरतो, आपण दोर ओढतो. पोहरा पाण्यात असेपर्यंत हाताला काहीच जड लागत नाही. पाण्याबाहेर निघाला रे निघाला, की दोराला हिसका बसतो आणि सगळं ओझं खांद्यावर येतं. पोहरा तोच, पाणी तेवढंच. मग आत असताना वजन गेलं कुठं? कुठंही गेलं नव्हतं. खालच्या पाण्यानं ते पेलून धरलं होतं.

पाणी किती पेलतं, ते मोजता येतं, आणि ते मोजल्याशिवाय पुढं जायचं नाही. शाळेच्या विज्ञान पेटीत ताणकाटा असतो; नसला तर रद्दीवाल्याकडं आकड्याचा काटा असतोच, घटकाभर मागून घ्या. रानातला एक काळा दगड सुतळीनं काट्याला टांगा. समजा ९०० ग्रॅम भरला. आता बादली काठोकाठ भरून मोठ्या परातीत ठेवा आणि काट्याला टांगलेला दगड हळूच पाण्यात सोडा, पण तळाला टेकू देऊ नका. काटा वर सरकेल आणि ६०० च्या आसपास थांबेल. ३०० ग्रॅम हरवले. इकडं बादलीतून परातीत पाणी सांडलंय. तेही तोला. ते ३०० ग्रॅमच निघतं. थोडं इकडंतिकडं होईल, कारण परातीला पाणी चिकटून राहतं, पण आकडा तोच.

दगडानं जेवढं पाणी बाजूला सारलं, तेवढ्याच पाण्याच्या वजनाइतका जोर पाण्यानं त्याला वर लावला. एवढाच नियम. आजची सगळी गोष्ट या एका वाक्यावर उभी आहे.

यात आपल्या मातीतली एक गंमत आहे. लातूरकडचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, लाव्हा थंड होऊन झालेला, पाण्याच्या जवळपास तिप्पट जड. म्हणून त्याचा तिसरा हिस्सा पाणी पेलतं. नांदेड जिल्ह्याच्या पूर्व टोकाला देगलूर, बिलोलीकडं जा, तिथं ग्रॅनाइट उघडा पडलाय, आणि तो थोडा हलका असतो. तिथल्या पोरांनी ९०० ग्रॅमचा दगड घेतला तर काटा ६०० वर थांबणार नाही, ५७० च्या आसपास येईल. म्हणजे बादली, सुतळी आणि काटा एवढ्यावर तुम्ही दगडाची जात ओळखू शकता. शाळाशाळांनी आपापल्या गावच्या दगडांचे आकडे एकमेकांना कळवले, तर दोन जिल्ह्यांचा नकाशा पोरांच्या हातांनी तयार होईल. असं कुणी करावं, असं मला फार वाटतं.

हा नियम आर्किमिडीजचा. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी तो भूमध्य समुद्रातल्या सिसिली बेटावर, सिराक्यूज नावाच्या शहरात राहायचा. सोन्याच्या मुकुटाची आणि न्हाणीतून ओरडत पळाल्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती त्याच्या स्वतःच्या ग्रंथात नाही. व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन लेखकानं ती सुमारे दोनशे वर्षांनी लिहून ठेवली. तरंगणाऱ्या वस्तूंवरचा आर्किमिडीजचा ग्रंथ मात्र खराखुरा आहे, आणि त्यात हा नियम सिद्ध करून दाखवलाय.

पाणी वर ढकलतं तरी का? प्लास्टिकच्या बाटलीला खालपासून वरपर्यंत तीन भोकं पाडा आणि ती भरा. सगळ्यात खालच्या भोकाची धार सगळ्यात जोरात निघते. खोल गेलं की पाण्याचा दाब वाढतो, कारण वरच्या पाण्याचा भार खालच्यावर असतो. आता बुडालेल्या दगडाकडं पाहा. त्याच्या माथ्यावर कमी दाब, पोटाखाली जास्त दाब. चहूबाजूंनी पाणी त्याला दाबतंय, पण खालची बाजू जिंकते. उरलेला जोर वरच्या दिशेनं लागतो, तोच आपण काट्यावर वाचला.

मग काय तरंगेल आणि काय बुडेल, हे आकारावरून सांगू नका. नदीच्या वाळूत पिकलेलं पाच किलोचं टरबूज बादलीत टाका, तरंगतं. द्राक्षाचा एक मणी टाका, तळाला जातो. संत्रं सालीसकट तरंगतं, सोललं की बुडतं. वजन कमी झालं आणि तरी बुडालं! सालीत बारीक हवेच्या पोकळ्या असतात. साल काढल्यावर वजन थोडं गेलं, पण पाणी सारणारी जागा त्याहून जास्त गेली. कणकेचा गोळा बुडतो. त्याच कणकेची पातळ वाटी केली, की पाण्यावर राहते.

याच वाटीत माणसं बसून नदी ओलांडत आली आहेत. गूळ करायची लोखंडी कढई पाहिलीय ना? पुराच्या पाण्यात, पूल नसताना, महाराष्ट्रात कितीतरी ठिकाणी लोकांनी तिची नाव केली. हिशेब मांडा. सहाशे लिटर पाणी मावणारी कढई असेल, तर काठापर्यंत बुडेस्तोवर ती सहाशे लिटर पाणी सारते, म्हणजे सहाशे किलो पेलू शकते. त्यातून कढईचं स्वतःचं वजन वजा करा. उरतं ते माणसांचं. हिशेब बरोबर आहे, तरी तुम्ही असल्या कढईत बसायचं नाही. नियम फक्त किती पेलेल ते सांगतो. कढई कलंडणार नाही, याची हमी तो देत नाही. एका बाजूला वजन सरकलं, काठावरून पाणी आत आलं, की क्षणात सगळा हिशेब फिरतो.

विहिरीत पोहायला शिकताना पाठीला वाळका भोपळा नाहीतर बंद डबा बांधतात, त्याचंही असंच. भोपळा अर्धा किलोचा, सारतो सहा लिटर पाणी. साडेपाच किलोचा जोर फुकट मिळाला. आपलं अंग जवळपास पाण्याइतकंच जड असतं. बुडू नये म्हणून सगळं अंग वर उचलावं लागत नाही. नाक-तोंड पाण्यावर राहिलं की पुरे, आणि त्याला एवढा जोर भरपूर होतो. पण हे शिकायचं तर काठावर पोहता येणारं मोठं माणूस पाहिजे. त्याशिवाय विहिरीत उतरायचं नाही.

पाण्याचं वजन म्हणजे काय, हे लातूरच्या लेकरांना शिकवावं लागत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरणानं तळ गाठला आणि शहराला पाणी आलं ते रेल्वेनं, सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरच्या मिरजेहून. एप्रिलमध्ये पहिली गाडी आली, तिला दहा वाघिणी होत्या, एका वाघिणीत सुमारे पन्नास हजार लिटर पाणी. एक लिटर म्हणजे एक किलो. म्हणजे प्रत्येक वाघिणीतलं पाणी पन्नास टनांचं. तो आकडा लक्षात राहू द्या, कारण आता आपण पाणी सोडून हवेत शिरतोय.

हवेला वजन असतं का? हात हलवून पाहिलं तर वाटतं, नसावं. या वर्गाची लांबी सहा मीटर, रुंदी सहा मीटर, उंची तीन मीटर धरा. एकशे आठ घनमीटर झाले. आपल्याकडं एका घनमीटर हवेचं वजन एक किलोहून थोडं जास्त भरतं. म्हणजे या वर्गात, तुमच्या-माझ्या भोवती, क्विंटलभराहून जास्त हवा आहे. मोंढ्यात सोयाबीनचा एक क्विंटल तोलतात, तेवढं वजन इथं आहे, आणि कुणाच्या डोळ्याला दिसत नाही.

पुस्तकात हे दाखवायला काठीच्या दोन टोकांना दोन फुगे बांधतात आणि एक फोडतात. तो प्रयोग मला पटत नाही. फुगलेला फुगा आत जेवढी हवा धरतो, जवळपास तेवढीच बाहेरची हवा तो सारतो, आणि सारलेली हवा त्याला वर उचलते. त्यामुळं आतल्या हवेचं वजन काट्यावर जवळपास लपून जातं. जी थोडी हवा दाबून कोंबलेली असते, तेवढीच काय ती काठीला खाली ओढते. त्यापेक्षा शाळेतला फुटबॉल घ्या. पुरता गोल होईल एवढीच हवा भरा आणि गावातल्या सराफाच्या काट्यावर तोलून आणा. मग पंपानं दगडासारखा टणक होईपर्यंत हवा भरा आणि पुन्हा तोला. आकार तोच, म्हणून बाहेरच्या हवेची मदत तेवढीच. वाढलं ते निव्वळ आत कोंबलेल्या हवेचं वजन. चार-पाच ग्रॅमनं काटा वाढलेला दिसेल. सराफाचा काटा हवा तोलतोय, हे पाहायला सगळा वर्ग न्या.

हवेला वजन आहे, म्हणजे हवाही खाली जास्त दाबते, वर कमी. म्हणजे हवेतही आर्किमिडीजचा नियम लागू. जेवढी हवा सारली, तेवढ्या हवेच्या वजनाइतका जोर वर. तुम्हालाही हवा उचलते आहे. चाळीस किलोच्या पोराला फक्त चाळीस-पन्नास ग्रॅमनं, म्हणून कळत नाही. हायड्रोजन हवेच्या सुमारे चौदापट हलका. एक घनमीटर हायड्रोजन कोंडला, की तो एक घनमीटर हवा सारतो. उचलणारा जोर किलोभराचा आणि वायूचं स्वतःचं वजन त्याच्या चौदाव्या हिश्शाएवढं. उरलेल्या जोरावर फुगा वर जातो.

हायड्रोजनचा पहिला मोठा फुगा पॅरिसमध्ये २७ ऑगस्ट १७८३ ला उडाला. जॅक शार्ल नावाच्या शास्त्रज्ञानं तो केला होता, आणि आत माणूस नव्हता. काही कोसांवर गोनेस नावाच्या खेड्यात तो उतरला. आभाळातून पडलेला हा फुसफुसणारा प्राणी कोणता, या भीतीनं गावकऱ्यांनी त्याला दाताळ्यांनी भोसकून टाकलं. त्यांना हसू नका. त्यांना कुणी आधी काही सांगितलंच नव्हतं. डिसेंबर २०२२ मध्ये तेलंगणातल्या विकाराबाद जिल्ह्यात एका खेड्याच्या रानात मोठी कुपी उतरली, तेव्हाही भोवती गर्दी जमली होती. ती एका स्पॅनिश कंपनीची चाचणी होती, आत माणूस नव्हता, आणि तिला वर नेणारा फुगा आपल्या याच हैदराबादच्या केंद्रातून सुटला होता.

आता अशा फुग्याचा सगळ्यात सुंदर भाग सांगतो. सुटताना तो फुगलेला नसतोच. लांबलचक ढिलं प्लास्टिक, आणि फक्त वरच्या टोकाला वायूचा छोटा बुडबुडा. नवख्याला वाटेल, गॅस कमी पडला. पण वर जाईल तसा हवेचा दाब उतरतो. तीस किलोमीटरवर तो जमिनीवरच्या शंभराव्या हिश्शाएवढाच राहतो. बाहेरचा दाब कमी झाला, की आतला वायू पसरतो आणि फुगा फुलत जातो. हवा जेवढी विरळ, तेवढा फुगा मोठा. म्हणून सारलेल्या हवेचं वजन तेवढंच राहतं आणि वर उचलणारा जोरही तेवढाच. जमिनीवरच पूर्ण भरला असता, तर पसरायला जागा न उरून वाटेत फाटला असता.

अशाच फुग्यांनी एका मराठी माणसाचा प्रश्न वर नेला. डॉ. जयंत नारळीकर तुम्हाला ठाऊक आहेत. खगोलशास्त्रज्ञ, पुण्याच्या आयुका संस्थेचे संस्थापक, आणि तुमच्या वयाच्या मुलांसाठी मराठीत विज्ञानकथा लिहिणारे. ते कोल्हापूरचे, २० मे २०२५ ला पुण्यात वारले. त्यांना विचारायचं होतं, की इतक्या उंचावर सजीव असतात का? २००१ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २००५ मध्ये हैदराबादहून फुगे सोडले गेले. दुसऱ्या वेळच्या फुग्याला ४५९ किलोचं यंत्र टांगलेलं होतं. त्यात पोलादाच्या सोळा निर्जंतुक नळ्या होत्या, आतून हवा काढून टाकलेल्या, आणि द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या. निऑन इतका थंड असतो, की नळीचं तोंड उघडलं की बाहेरची हवा आत ओढली जाऊन तिथंच गोठते. वीस ते एकेचाळीस किलोमीटर उंचीवरची हवा अशी गोळा झाली. पॅराशूटनं नळ्या खाली आल्या, आणि हैदराबाद व पुण्याच्या प्रयोगशाळांत तपासल्या गेल्या. त्यात जिवाणू सापडले, बुरशी सापडली. तीन जिवाणू तर आधी कुणी नोंदवलेलेच नव्हते. एकाला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचं नाव दिलं, दुसऱ्याला इस्रोचं, तिसऱ्याला आर्यभटांचं. ते जीव पृथ्वीवरूनच वर गेले की बाहेरून आले, हा वाद त्यानं मिटला नाही.

त्या फुग्याचा हिशेब आता तुम्हीच करू शकता. पूर्ण फुलल्यावर त्याचं आकारमान साडेसात लाख घनमीटर, म्हणजे आडवा शंभर मीटरहून मोठा. एवढ्या उंचीवर एका घनमीटर हवेचं वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास. गुणाकार करा: अडीच टनांहून थोडं जास्त. एवढी हवा त्यानं सारली, म्हणून फुग्याचं प्लास्टिक, वायू, दोर, यंत्रं, सगळं मिळून तेवढंच वजन तो तिथं पेलू शकला आणि स्थिर राहिला. मिरजेच्या गाडीच्या एका वाघिणीत पन्नास घनमीटर पाणी मावत होतं आणि ते पन्नास टन भरत होतं. तिकडं साडेसात लाख घनमीटर हवा, आणि अडीच टन. सारणारा मोठा असावा लागतो, कारण सारायला तिथं फारसं काही नाही.

काम झालं की खालून रेडिओनं हुकूम जातो, दोर सुटतो, आणि यंत्रं पॅराशूटवर येतात. ते उतरणं समजायला रुईचं बोंड फोडा. आतल्या म्हाताऱ्या फुंकरीनं उडवा. बी खाली येतं, पण भोवतालच्या रेशमी केसांना हवा अडवते. वेग वाढला की अडवणंही वाढतं, आणि लवकरच दोन्ही जुळतात. मग बी एकाच संथ गतीनं येत राहतं. पॅराशूट तरंगत नाही. ते पडतच असतं, हळू पडतं एवढंच.

इथं थांबून एक फरक करायचा. आतापर्यंत सगळं तरंगणं झालं. उडणं वेगळं. आभाळात घार पाहा. तिचं वजन पाऊण किलो धरा. तिचं अंग हवा सारतं ती लिटरभर, म्हणजे एखाद्या ग्रॅमची. आर्किमिडीजच्या हिशेबानं हवा तिला एक ग्रॅम उचलते. उरलेल्या वजनाचं काय? ते तिनं कमवायचं असतं, आणि कमवायला हवेतून पुढं सरकत राहावं लागतं. तरंगणारा जागच्या जागी थांबू शकतो. उडणाऱ्याला थांबता येत नाही.

टेबल फॅन लावा आणि पुठ्ठा समोर धरा. सपाट, कडेनं धरला तर हाताला काही होत नाही. पुढची कड जराशी उचला, पुठ्ठा वर ओढ घेतो. पुठ्ठ्याखाली हात धरा, वारा खाली वळलेला लागेल. पुठ्ठ्यानं वारा खाली ढकलला, वाऱ्यानं पुठ्ठा वर ढकलला. न्यूटननं सांगितलेली ही देवाणघेवाण.

पंखाची वरची बाजूही वारा वळवते, आणि ते पाहायला नळ पुरे. नळाची बारीक धार सोडा, चमचा दांड्यापाशी दोन बोटांत सैल धरा आणि त्याची फुगीर पाठ धारेला टेकवा. धार चमच्याला ढकलून देईल असं वाटतं. होतं उलटं: चमचा धारेत ओढला जातो, आणि धार पाठीला चिकटून बाजूला वळते. चमच्यानं पाणी एकीकडं वळवलं, पाण्यानं चमचा दुसरीकडं खेचला. फुगीर पंखावरून जाणारी हवाही अशीच खाली वळते.

एक गोष्ट कितीतरी पुस्तकांत आहे आणि ती खोटी आहे, म्हणून सांगतो. पंखाची वरची बाजू लांब, तिथल्या हवेला खालच्या हवेबरोबर एकाच वेळी मागच्या कडेला पोचायचं असतं, म्हणून ती पळते, असं लिहिलेलं असतं. हवेला असा कसलाही करार पाळायचा नसतो. वरची हवा खरंच जोरात जाते आणि तिथला दाबही कमी होतो, पण ती खालच्या हवेच्या आधीच मागच्या कडेला पोचते. शिवाय संक्रांतीला तुम्ही उडवता तो पतंग दोन्ही बाजूंनी एकाच कागदाचा. त्याची वरची बाजू लांब कुठं आहे? तरी तो उडतो, कारण तुम्ही कन्नी बांधून त्याला वाऱ्याशी तिरकं धरलेलं असतं. पतंग जागच्या जागी दिसतो, पण त्याच्यावरून वारा धावतोय. हवेच्या दृष्टीनं तोही पुढंच चाललाय. साध्या सुती दोऱ्यानं उडवा. नायलॉनच्या मांजानं पाखरांचे पंख आणि माणसांचे गळे कापले जातात, त्याला हात लावू नका.

आता तुम्ही विचाराल, की मग घार पंख न हलवता तासन् तास वर कशी जाते? कमवते कुठून? इथं दोन्ही गोष्टी एकत्र येतात. एप्रिल-मेमध्ये नांगरलेली काळी माती ऊन पिते आणि तापते. तिच्या अंगाची हवाही तापते, पसरते, हलकी होते. भोवतालची थंड हवा जड, ही हलकी. म्हणून आर्किमिडीजच्या त्याच नियमानं हा गरम हवेचा लोट वर निघतो. भर दुपारी रानातून पाचोळा घेऊन वावटळ उठते ना, तिच्या पोटात हीच वर चढणारी हवा असते. घार या लोटात शिरते आणि गोल फिरत राहते. ती हवेतून थोडी थोडी खाली घसरतच असते, पण हवाच तिच्याहून वेगानं वर चाललेली असते. तरंगणाऱ्या हवेवर उडणारं पाखरू. एका लोटाच्या माथ्यावर पोचली, की पंख पसरून दुसऱ्याकडं घसरत जाते.

मागच्या बाकावरून एक मुलगी विचारते आहे, की सकाळी आठला घारी अशा फिरत का नाहीत? उत्तर मी सांगणार नाही. शाळेचा तापमापक घ्या. सकाळी आठ, अकरा आणि दुपारी दोन वाजता, नांगरलेल्या रानातल्या मातीचं, जवळच्या गवताचं आणि तळ्याच्या पाण्याचं तापमान मोजा. त्याच वेळी आभाळात किती घारी दिसतात, कशाच्या वर फिरतात, पंख हलवतात की नाही, ते वहीत लिहा. आभाळ ढगाळ असेल त्या दिवशीही लिहा, कंटाळा करू नका. तळ्यावर घारी दुपारी फिरतात की संध्याकाळी, हेही पाहा. पाणी मातीपेक्षा उशिरा तापतं आणि उशिरा निवतं, एवढं फक्त मी सांगून ठेवतो. वह्या पुढच्या सोमवारी आणा, मग फळ्यावर तक्ता मांडू.